बहात्तर रुपयांचं देणं

१९८० च्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या तपासणीला मद्रासहून एक अधिकारी आले होते. दिवसभर वह्या उलटून झाल्यावर संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “तुम्ही इथलेच ना? खेतवाडी दहावी गल्ली कुठं आली?” त्यांच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्या पुस्तकात ज्यांचं बोलणं छापलं होतं त्यांना भेटायला मिळावं म्हणून त्यांनी मुंबईची ड्यूटी मागून घेतली होती. मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. “चला की वर, पाच मिनिटं,” ते म्हणाले. माझ्या खिशात सिनेमाचं तिकीट होतं. मी हात जोडले आणि मागे फिरलो.

वर कोण असतं, याची मला कल्पनाच नव्हती असं नाही. ‘तो विडीवाला, त्याच्याकडे गोरे लोक येतात’ एवढं गिरगावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आमचं ज्ञान तिथंच संपत होतं.

तो विडीवाला म्हणजे निसर्गदत्त महाराज. मूळचे मारुती शिवरामपंत कांबळी, मालवणजवळच्या कांदळगावचे. पोटासाठी मुंबईत आले, विडीची दुकानं टाकली, संसार केला. १९३३ साली एका मित्रानं त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. १९३६ साली गुरूंनी देह ठेवला, म्हणजे सहवास जेमतेम तीन वर्षांचा. तू स्वतःला समजतोस तो तू नाहीस, नुसत्या ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, हे गुरूंचं सांगणं त्यांनी प्रमाण मानलं. पुढं कित्येक वर्षं खेतवाडीतल्या त्या पोटमाळ्यावर ते येईल त्याच्याशी मराठीत बोलत राहिले. ते बोलणं टेपवर घेऊन मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरनं इंग्रजीत आणलं, आणि १९७३ साली काळा घोड्याच्या चेतना प्रकाशनानं ते छापलं. मद्रासच्या साहेबांच्या पिशवीतलं पुस्तक तेच. माझ्या मातृभाषेतलं बोलणं इंग्रजी होऊन मद्रासला पोचलं होतं. माझं घर तिथून चालत सात मिनिटांवर.

८ सप्टेंबर १९८१ ला महाराज गेले. घशाचा कर्करोग होता. गणपतीचे दिवस होते. त्या आठवड्यात मी मित्रांबरोबर खेतवाडीचे गणपती बघत गल्ल्यागल्ल्यांतून हिंडलो होतो.

हे सगळं मला पुढं सांगितलं ते तात्यांनी. ज्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो आहे ते हेच. त्यांचं पूर्ण नाव मी देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

तात्या बाइंडर होते. आमच्या चाळीच्या मागच्या बोळात त्यांचं आठ बाय दहाचं दुकान. आत एक लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची थप्पी, अबरी कागदाच्या गुंडाळ्या, आणि खळीचा डबा. खळीत ते मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून, त्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं कायम हिरवट दिसायची. आमच्या बँकेची जुनी लेजरं त्यांच्याकडेच बांधायला जात. महिन्यातून दोनदा ते काउंटरवर येत, दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा भरत, आणि मी मोजत असताना बारीक डोळ्यांनी माझ्या बोटांकडे बघत राहत. एरवी ते साधं मुंबईचं मराठी बोलत. आत काही हललं की मालवणी बाहेर यायची. “काय रे झिला, मोजून झाला?” हे त्यांचं पहिलं वाक्य मला आठवतं, आणि मला त्याचा राग आला होता हेही.

मी मोजण्यात हुशार होतो. १९७८ ला कॅशिअर म्हणून लागलो, २०१२ ला कॅशिअर म्हणूनच निवृत्त झालो. मध्ये परीक्षा देऊन वर जाता आलं असतं, पण मला नोटांचं बरं वाटायचं. पाण्यात भिजवलेला स्पंज, अंगठ्याखालून सरकणाऱ्या नोटा, शंभरावर मारलेली पट्टी. संध्याकाळी रोकड जुळली की देव भेटल्यासारखं व्हायचं.

१९८२ च्या दिवाळीत ती जुळली नाही. वीस रुपयांच्या नोटांचं एक पाकीट, म्हणजे २,००० रुपये कमी. पगाराच्या दुपटीच्या वर. रात्री अकरापर्यंत शोधलं. साहेब तोंडानं काही बोलले नाहीत, पण माझा ड्रॉवर त्यांनी स्वतः उघडून बघितला. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आईनं काय झालं ते काढून घेतलं. गोंदवलेकर महाराजांवर तिची श्रद्धा, तेरा अक्षरी राममंत्र तिच्या ओठांवर सदाचा. तिनं स्वतःची तुळशीची माळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “हे घे. भीती वाटते ना, तर म्हणत राहा.”

मी रोज रात्री अकरा माळा केल्या. तिसऱ्या दिवशी कापडबाजारातले एक व्यापारी पाकीट परत घेऊन आले, त्यांच्या थैलीत जास्तीचं गेलं होतं. मी पेढे वाटले. मंत्र लागू पडला, असं मी म्हणालो. औषध लागू पडतं तसा. पुढची पाच वर्षं मी जो जप केला त्याचा पाया हा होता. आई म्हणाली होती भीती वाटते म्हणून म्हण. मी ऐकलं ते, पैसे परत येतात म्हणून म्हण.

आता कॅशिअरच्या हातात माळ आली म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. माळेचे मणी १०८, पण हिशेबात धरायचे १००, वरचे आठ चुकले-माकले म्हणून सोडायचे, हा संकेत मला कळला तेव्हा कोण आनंद झाला. तुटीची तरतूद आधीच केलेली! गोमुखीत हात घालायचा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, हे सगळं मी काटेकोर पाळलं. समर्थांनी टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दिवसाला २९,६८० पडतात. एका मंत्राला दोन सेकंद धरले तरी रोजचे साडेसोळा तास. हे आपल्याच्यानं होणार नाही, तेव्हा रोज पंचवीस माळा ठरवल्या. बँकेतून रद्दीत काढलेल्या वह्या आणल्या आणि त्यांत तारीख, माळा, आजची बेरीज, एकूण बेरीज असे रकाने आखले. १९८७ च्या श्रावणात एकूण बेरीज ४३ लाखांच्या वर गेली होती.

त्या श्रावणातली सकाळ. आईचं खुब्याचं हाड मोडून दोन महिने झाले होते, ती खाटेवर. बायको चाळीच्या नळावर पाण्याच्या रांगेत. मी खाटेपासून चार हातांवर पाटावर बसलेलो, समोर वही उघडी. एकोणिसावी माळ चालू होती. आई म्हणाली, “बाळा, जरा पाणी दे रे.” मी डोळे न उघडता डावा हात वर केला. थांब. तिनं परत मागितलं नाही. मला वाटलं, समजली. मेरुमणी बराच लांब होता. मग तांब्या पडल्याचा आवाज झाला. तिनं स्वतःच हात लांबवला असणार. पाणी फरशीवरून वाहत माझ्या पाटाखाली आलं, वहीच्या कडेला लागलं. मी वही उचलून मांडीवर घेतली. वही उचलली, आणि डोळे पुन्हा मिटले.

पंचवीस माळा पुऱ्या करून उठलो तेव्हा बायको फरशी पुसत होती. आईचा पदर ओला होता. ती त्या दिवशी काही बोलली नाही, आणि पुढंही कधी नाही. मी भिजल्या पानावर त्या दिवसाचा आकडा लिहिला. शाई फुटली.

त्यानंतर महिन्याभरात मी चारही वह्या तात्यांकडे बांधायला घेऊन गेलो. लाल कापड, कोपऱ्यांना चामडं, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ‘श्रीरामजप’, खाली आकडा, त्याखाली माझं नाव. आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण मागितलं होतं ते हेच. तात्यांनी वह्या चाळल्या. बाइंडर वाचत नाही, पानं तपासतो. फाटलं कुठं, वाळवी लागली का, शिवण धरेल का. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

“ह्या पानार पाणी खंयसून इला?”

खोटं बोलता आलं असतं. पावसाचं गळलं म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं पान उलटलं असतं. का कोण जाणे, मी खरं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की जपात खंड पडू दिला नाही याचं त्यांना कौतुक वाटेल. इतका मी आंधळा होतो.

तात्यांनी वही मिटली. बराच वेळ दाभणात दोरा ओवत राहिले, दोरा काही जात नव्हता. मग म्हणाले, “विठोबा विटेर उभो रवलो. तू आवशीक थांबवलंस.”

एवढंच. पुंडलिकाची गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती, दर आषाढीला ऐकत होतो. ती माझ्याबद्दल असेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि चालत घरी येताना, बोळाच्या तोंडाशी, दुसरी गोष्ट लक्षात आली. मला मंत्र दिला होता कोणी? दीक्षा म्हणा, उपदेश म्हणा, तो तिचाच होता. माळही तिची. जिनं मंत्र दिला तिलाच मी त्या मंत्रासाठी तहानलेलं ठेवलं होतं.

आठ दिवसांनी वह्या आणायला गेलो. बांधून तयार होत्या, लाल कापड, चामड्याचे कोपरे, सगळं सांगितल्याप्रमाणे. पुठ्ठा मात्र कोरा. तात्या म्हणाले, “नावाचं राहिलंय. कोणाचं घालू?”

“माझंच.”

“माझं म्हणजे? जप केला जिभेनं. मणी ओढले बोटांनी. आकडे लिहिले पेनानं. मन तर म्हणतोस बँकेत होतं.” मग डोळे बारीक करून, “मोजता कोण?”

मला वाटलं ते गंमत करताहेत. मी पैसे काढले. चार वह्या, अठराप्रमाणे बहात्तर. त्यांनी बिल लिहून दिलं पण पैसे मागे सारले. “नाव सांगशील तेव्हा दे.”

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. चौदा वर्षं. कोणी विचारलं तर तात्या सांगत, हा पानं जुळवायला येतो. आणि ते खरंच होतं. मी फर्मे लावून द्यायचो, ते शिवायचे. बोलणं मधूनच, तेही बरंचसं कामाबद्दल.

खेतवाडीच्या पोटमाळ्यावर ते कित्येक वर्षं जात होते. आमच्याकडचो माणूस, म्हणून आधी उत्सुकतेनं गेले, मग जात राहिले. तिथं बोलणं चालायचं, परदेशी लोकांसाठी दुभाषे असायचे. त्या दुभाष्यांत रमेश बाळसेकर होते, बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले, हे ऐकल्यावर माझ्यातला बँकवाला चपापला. एवढा मोठा बँकर जिना चढून गेला, आणि मी सिनेमाला. तात्यांना त्याचं काही नव्हतं. ते कोपऱ्यात बसत. तुम्ही काय विचारलंत, असं मी एकदा त्यांना म्हटलं. “काय विचारायचं? भजनात टाळ कोणी धरायचा तेवढं विचारलं.”

मंत्र बदलून द्या, असा मी हट्ट धरला होता. निसर्गदत्त महाराजांच्या इंचगेरी संप्रदायात नाम दिलं जातं हे मला कळलं होतं. तात्या म्हणाले, “मी देणारा कोण? आणि आईनं दिलाय त्यात काय खोट आहे?” मंत्रात वरचा-खालचा काही नसतो, म्हणणारा कुठं उभा आहे ते बघायचं, असं ते सांगत. आधी तो वैखरीत, म्हणजे ओठांवर. मग ओठ थांबतात, कंठात चालतो, ती मध्यमा. त्याच्याही आत पश्यंती, आणि मुळाशी परा. बाइंडरच्या भाषेत ते याला ‘आतली शिवण’ म्हणत. वरून पुठ्ठा दिसतो, पण पुस्तक धरून ठेवते ती शिवण, आणि ती दिसत नाही.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात ओंकाराचा जप सांगितला आहे, आणि लगोलग त्याच्या अर्थाचं भावन. हे मी कुठंतरी वाचून मोठ्या रुबाबात त्यांना सांगितलं. तात्या हसले. “बरोबर आहे. तू जप घरी केलास आणि अर्थ बँकेत ठेवलास.”

या परंपरेतल्या दोन वाटा मला त्यांच्याकडून समजल्या. उमदीचे भाऊसाहेब महाराज नामस्मरण आणि ध्यानावर भर देत. ती पिपीलिका वाट, मुंगीची. मुंगी झाडावर चढते, इंचाइंचानं, पण फळापर्यंत पोचते. निंबाळचे गुरुदेव रानडे त्यांचेच शिष्य. सिद्धरामेश्वर महाराजही त्यांचेच, पण त्यांनी पुढं विहंगम वाट सांगितली, पाखराची. गुरुमुखातून ऐकायचं, विचार करायचा, मी कोण ते शोधायचं. स्थूल देह मी नाही, सूक्ष्म म्हणजे मन-बुद्धी मी नाही, त्यामागचा कारणदेह म्हणजे नुसतं विस्मरण, कोरं पान, तेही मी नाही. ‘काहीच आठवत नाही’ हे ज्याला कळतं तो महाकारण, नुसतं असणं. आणि तिथंही बिऱ्हाड करायचं नाही. तात्यांनी एक जुनी पोथी माझ्यासमोर सोडवली होती. पुठ्ठा काढला, शिवण उसवली, फर्मे सुटे करून बाकड्यावर मांडले. “पोथी खंय गेली?” मी म्हटलं, ही काय. “ही पानं.” पुढं काही बोलले नाहीत, ती पोथी शिवायला मात्र मला लावली. दोन रविवार लागले.

मुंगी आणि पाखराचं ऐकून मला वाटलं, मग आपण पाखरूच होऊ. हे माझं दुसरं पाप. पण त्याआधी आईचं सांगायला हवं.

त्या श्रावणानंतर मी वही बंद केली. सकाळी पाटावर बसायचो तो तिच्या खाटेला पाठ टेकवून, तांब्या-भांडं जवळ घेऊन. ती काही दिवसांनी म्हणाली, “माळ नाही का करत?” मी म्हटलं, करतो मनात. “मोठ्यानं म्हण की. मलाही ऐकू दे.” मग मोठ्यानं. मध्येच तिला पाणी, मध्येच कूस बदलायची, मध्येच पेजेचा चमचा. मंत्र तुटायचा, पुन्हा लागायचा, कितवा ते काही कळायचं नाही. पहिले काही दिवस माझी बोटं आपोआप मणी शोधायची. मग तेही गेलं. १९८९ साली ती गेली त्या रात्री मी किती वेळ म्हणत होतो ते मला सांगता येणार नाही. आयुष्यातला माझा एकमेव जप जो मी मोजलेला नाही, तो त्या दोन वर्षांतला. माफी मागायची राहिली. ओठांपर्यंत यायचं, पण तिच्या तोंडावर त्या सकाळची खूणही नसायची, आणि मीच तो विषय काढून तिला परत ते आठवायला लावू, असं वाटून गप्प बसायचो.

आता दुसरं. आई गेल्यावर मी ‘सुखसंवाद’ वाचायला घेतलं, निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं मराठी पुस्तक. सहा महिन्यांत दोनदा वाचलं आणि मला सगळं कळलं. माळ खुंटीला. जप कोण करतो, कोणाचा, सगळा भास, असं मी कॅन्टीनमध्ये चहाच्या कपावर सांगायला लागलो. लोक ऐकतही होते. १९९१ साली आमच्या एका सहकाऱ्याचा पाठचा भाऊ अपघातात गेला. तेरावं उरकून तो कामावर आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “गेलं ते शरीर. भाऊ आला होता कुठं आणि गेला कुठं?” त्यानं माझा हात खाली काढून ठेवला. मारला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तो माझ्याशी फक्त व्हाउचरपुरतं बोलायचा.

तात्यांना हे मी अभिमानानं नाही, पण तक्रारीच्या सुरात सांगितलं. लोकांना सत्य झेपत नाही वगैरे. तात्या चिडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. दाभण बाकड्यात खुपसून ठेवलं. “महाराजांनी शेवटपर्यंत भजन सोडलं नाही. गुरूचा फोटो रोज पुसला, टिळा लावला, आरती केली. ज्याला कळलंय तो टाळ धरतो, आणि तू पुस्तक वाचून दुसऱ्याच्या सुतकात ब्रह्म वाटत फिरतोस? तुझ्या आवशीच्या वेळी काय केलं होतंस, ब्रह्म सांगितलं होतंस, की पेज भरवली होतीस?” नंतर शांत होऊन म्हणाले, “मुंगीला हसू नको. तू अजून मुंगीसुद्धा नाहीस.”

त्यांनी मला त्या सहकाऱ्याकडे पाठवलं. मला आठवडा लागला. त्याच्या टेबलाशी उभा राहिलो, पाठ केलेलं वाक्य आठवेना. तो म्हणाला, “बस. चहा सांगतो.” चहा येईपर्यंत दोघं गप्प. मग त्यानंच भावाबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि मी ऐकत राहिलो.

माळ खुंटीवरून खाली आली. अजून रोज करतो, तीनच. बेरीज नाही. मला आत्मज्ञान वगैरे काही झालेलं नाही, हे इथं स्पष्ट लिहिलेलं बरं. पण काउंटरवर एक फरक पडला. पेन्शनवाल्या आजी नोटा तीन-तीनदा मोजून घेत, मागे रांग चुळबुळत असे, आणि मी पूर्वी मनात चरफडायचो. पुढं पुढं असं व्हायला लागलं की त्यांची थरथरती बोटं दिसायची, माझी चरफड उठलेली दिसायची, आणि दोन्हींच्या मागे काहीतरी शांत असायचं. क्षणभर. मग टोकन नंबर पुकारायचा असायचा. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, “ठीक आहे. मोठं करू नकोस.”

शेवटच्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. दुकान मुलाकडे गेलं, तात्या दाराशी स्टुलावर बसत आणि मी त्यांना दासबोध वाचून दाखवी. सतराव्या दशकातला अजपानिरूपणाचा समास त्यांना पुन्हा पुन्हा हवा असे. श्वास आत जाताना आणि बाहेर येताना जप आपोआप चालू आहे, दिवसरात्रीत एकवीस हजार सहाशे वेळा, करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तो आकडा आला की तात्या दर वेळी माझ्या दिशेनं मान वळवत. दिसत तर काही नव्हतं. “ऐकलंस? एकवीस हजार सहाशे. वही नाही, माळ नाही. तुझ्यासारख्याची नोकरीच गेली.” आणि स्वतःशीच हसत.

२००१ च्या मार्चमध्ये ते गेले. मी बँकेत होतो. वर्षअखेरीची गर्दी, निरोप उशिरा मिळाला. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगा म्हणाला, सकाळी चहा घेतला, खळ शिजली का विचारलं, आणि भिंतीला टेकले.

दुकानाच्या जागी आता कुरिअरचं ऑफिस आहे. मुलगा बदलापूरला राहायला गेला. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्याला शोधत गेलो, जुनं बिल दाखवलं आणि पाकीट पुढं केलं. बहात्तरच ठेवले होते, जास्त घातले असते तर तात्यांचा अपमान झाला असता. त्यानं बिलावरचं बापाचं अक्षर बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “काका, नाव ठरलं का?” तात्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

मी नाही म्हणालो. त्यानं पाकीट परत दिलं.

चारही वह्या माळ्यावर आहेत. खळीत मोरचूद असल्यामुळे कसर लागलेली नाही. पुठ्ठे कोरे आहेत. बहात्तर रुपये द्यायचे आहेत.